पूल तर उभा दिसतोय, मग बंद का? पुरानंतर पूल-रस्ते परत बांधायला वेळ कुठे जातो

दर पावसाळ्यात एकदा तरी माझ्या आत्याचा हाच फोन येतो. ती पुण्यात अरण्येश्वरजवळ राहते, आंबिल ओढा तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. "अरे, पाणी उतरलं, ऊन पडलंय, पूल आहे तसा उभाय, मग बॅरिकेड कशाला लावून ठेवलेत? आम्हाला रोज केवढा वळसा पडतो माहितीये का." तिचं चूक नाही, रस्त्यावरून बघणाऱ्या माणसाला जे दिसतं त्यावरून हाच प्रश्न पडणार. मी बरीच वर्षं पुलांच्या साइटवर काढलीत आणि तिला फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगत आलो ते एकदा नीट लिहून काढावं असं कधीचं मनात होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. पुरात पूल बहुतेक वेळा वरून मोडत नाही, तो खालून जातो. कठडे वाहून गेले, स्लॅबवर चिखल बसला, दिव्याचे खांब वाकले, हे सगळं दिसायला भयंकर पण दुरुस्तीला सोपं, आठवड्याभराचं काम. खरं नुकसान नदीच्या तळाशी झालेलं असतं आणि ते कुणालाच दिसत नाही.

काशिदला किंवा दिवेआगरला गेलात तर लाट परत जाताना टाचेखालची वाळू कशी सुर्रकन निघून जाते आणि पाय आपोआप खाली जातो, ते आठवा. पुलाच्या खांबाचं तसंच होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. वाहतं पाणी खांबाला येऊन आपटलं की थोडं बाजूनं निघून जातं पण बरंचसं खांबाला घासत खाली वळतं आणि तळाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा करून खांबाला वेढा घालतं, आणि तो भोवरा गिरमिटासारखा वाळू-गोटे उपसत राहतो. साइटवर सगळे याला स्कावर म्हणतात. यात एक हिशोब फार महत्त्वाचा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल त्या दगडाचं वजन दुप्पट होत नाही, ते साधारण ६४ पट होतं. म्हणजे उन्हाळ्यात ज्या ओढ्यात मुठीएवढा दगड जागचा हलत नाही तोच ओढा पुरात मोठमोठे धोंडे गडगडत नेतो, आणि काठावरच्या लोकांना रात्री तो आवाज येतो.

आता यातली सगळ्यात फसवी गोष्ट. खड्डा सर्वांत खोल कधी असतो? पूर ऐन भरात असतो तेव्हा. पाणी ओसरायला लागलं, वेग कमी झाला की तेच पाणी वरून आणलेला गाळ त्या खड्ड्यात टाकत जातं, त्यामुळे पूर गेल्यावर खाली उतरून बघाल तर तळ सपाट, सगळं जागच्या जागी. पण तो भरलेला गाळ म्हणजे पिठासारखा सैल असतो, त्यात खांबाला धरून ठेवायची ताकद नसते. एका तालुक्याच्या ठिकाणी छोट्या पुलावर मी स्वतः हे बघितलंय. खांबाभोवती हातानं सळई खुपसली तर तीन मीटरची सळई जवळजवळ अख्खी आत गेली, कुठे टणक लागलंच नाही, आणि वरून त्या पुलाला एक तडाही नव्हता. लोक बॅरिकेड बाजूला सारून दुचाक्या काढत होते आणि आम्ही खालून ओरडत होतो. म्हणून पूर गेल्यावर पहिलं काम असतं ते मोजमापाचं. उथळ पाण्यात सळई टाकून, खोल पाण्यात बोटीतून इको साउंडर (आवाजाच्या लाटांनी खोली मोजणारं यंत्र) फिरवून किंवा पाणबुडे उतरवून खांबाभोवतीचा तळ कुठे गेलाय ते बघायचं आणि जुन्या नकाशातल्या पायाच्या खोलीशी ताडून पाहायचं. गढूळ पाण्यात पाणबुड्याला हाताएवढ्या अंतरावरचं दिसत नाही, त्यामुळे पाणी निवळेपर्यंत थांबावं लागतं. पूल बंद दिसतो त्यातले सुरुवातीचे बरेच दिवस हे असे जातात.

या विषयातलं देशातलं मोठं काम आपल्या शेजारी, खडकवासल्याला झालंय. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, ज्याला सगळे सीडब्ल्यूपीआरएस म्हणतात, ते १९१६ सालापासून आहे. तिथं नद्यांची, धरणांची, बंदरांची छोटी मॉडेल्स बांधून त्यात खरं पाणी सोडून बघतात. क्लॉड इंग्लिस नावाचे इंग्रज इंजिनीअर तिथे प्रमुख होते आणि पुलाच्या खांबाभोवती किती खोल खड्डा पडतो याचं त्यांनी केलेलं काम, आणि गेराल्ड लेसी यांनी उत्तरेतल्या कालव्यांवरून मांडलेलं सूत्र, या दोन्हींवर आजही रस्ते-पुलांचे मापदंड ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम उभे आहेत. सिंहगडाला जाताना रस्त्यावरून आपण त्याच्या जवळून जातो, पण आत काय चालतं हे फार थोड्या पुणेकरांना माहीत असतं.

लेसींच्या त्या सूत्राचा एक हिशोब करून दाखवतो, घाबरू नका. समजा मध्यम वाळूचा तळ आहे आणि पुरात नदीच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला १० हजार लिटर पाणी जातंय. सूत्र सांगतं की पुराच्या पातळीपासून तळ सरासरी ६ मीटरच्या आसपास खाली जाईल. पण खांबाजवळ भोवरा असतो, म्हणून तिथे दुप्पट धरायचं, म्हणजे १२ मीटर. आणि पाया १२ वर संपवून चालत नाही, खड्डा पडल्यावरही खांब घट्ट राहावा म्हणून आणखी एक तृतीयांश खाली न्यायचा, म्हणजे १६ मीटर. पुराच्या पातळीपासून पाच मजली इमारतीएवढं खाली! पुलाचे पैसे आणि वेळ कुठे जातो ते इथं कळतं. पुण्यात आपलं बरं आहे, मुठेच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की काळा पाषाण लागतो आणि पाया त्यात रुतवता येतो. कोकणात खाडीजवळ मात्र गाळच गाळ, तिथे पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले खांब, टाकत टाकत खाली जावं लागतं.

पूल जाण्याचे अजून दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पाणी स्लॅबपर्यंत चढलं की स्लॅब हलका होतो. विहिरीत बुडवलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना, तसंच. काँक्रीट पाण्याच्या साधारण अडीच पट जड, म्हणजे पूर्ण बुडालं की त्याचं वजन चाळीस टक्क्यांनी कमी झाल्यासारखं वागतं, आणि स्लॅबखालच्या तुळयांच्या, म्हणजे गर्डरच्या मधे हवा कोंडली तर आणखीच हलकं. वर जलपर्णी, झाडं, ओंडके येऊन अडकले की सगळा पूल पाणी अडवणारी भिंत होतो. एकीकडे वजन कमी, दुसरीकडे ढकलणं वाढलेलं, मग अख्खा स्लॅब बेअरिंगवरून, म्हणजे खांबावरच्या ज्या गाद्यांवर तो टेकलेला असतो त्यांवरून, सरकून खाली जातो. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणं आपल्याला सवयीचं झालंय, पण पाणी उतरल्यावर तो लगेच का खुला करत नाहीत त्यामागे नुसता चिखल नसतो, स्लॅब जागचा सरकलाय का हेही बघायचं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे जोडरस्ता. पूल जिथं संपतो आणि रस्त्याचा भराव सुरू होतो तो कोपरा सगळ्यात कच्चा, कारण पूल काँक्रीटचा आणि भराव मुरुमाचा. पुरात कितीतरी वेळा पूल ठणठणीत राहतो आणि दोन्ही बाजूंचा भराव वाहून जातो, पेपरात फोटो येतो तो नदीच्या मधोमध एकट्या उभ्या पुलाचा. याची दुरुस्ती त्यातल्या त्यात लवकर होते, पण नुसता मुरूम टाकून रोलर फिरवला तर पुढच्या वर्षी तेच. थराथरानं दाबायचं, पाण्याकडच्या बाजूला उतारावर दगड बसवून पिचिंग किंवा जाळीच्या पेट्यांत दगड भरून गॅबियन लावायचं, आणि मागच्या भरावात साचलेलं पाणी बाहेर पडायला वाट ठेवायची. ही वाट विसरली की भिंत आतून ढकलली जाते.

महाडच्या सावित्री पुलाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. शेजारीच नवा समांतर पूल होता, तो राहिला. कमानीच्या पुलाची गोष्ट अशी की प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटून उभी असते, मधला एक खांब हलला की तो रेटा तुटतो आणि शेजारच्याही जातात. रात्रीच्या अंधारात, पावसात, ड्रायव्हरला पुढे रस्ता नाही हे दिसायला काही सेकंदही मिळाले नसतील. मला आजही पावसात रात्री कुठल्या जुन्या पुलावरून जाताना ते आठवतं.

त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. तेव्हापासून लोक विचारतात की तिथं १६५ दिवसांत झालं, मग आमच्याकडे दोन-दोन वर्षं का? प्रश्न रास्त आहे, पण ती तारीख परत बघा. ५ जून. म्हणजे पाऊस दारात असताना. आपल्याकडे नदीतलं काम करायला वर्षात जेमतेम सात महिने मिळतात. पावसाळा संपून पाणी खाली जायला नोव्हेंबर उजाडतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत पाणी. या सात महिन्यांत पाया आणि खांब पाण्याच्या वर आले पाहिजेत. ते आले तर पुढचं काम पावसातही रेटता येतं, नाही आले तर अख्खं वर्ष गेलं. आणि नोव्हेंबरला खणायला सुरुवात करायची तर त्याआधी बोअर घेऊन खालची माती-खडक तपासणं, पुराचा हिशोब, डिझाइन, टेंडर, हे सगळं ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात व्हायला हवं. तेव्हा फाइल महिनाभर कुठे पडून राहिली तर तो महिना महिन्याचा राहत नाही, वर्षाचा होतो. कामगार आळशी असतात म्हणून पूल रखडतो असं नाही, बहुतेक वेळा तो खणायच्या आधीच रखडलेला असतो, आणि माझ्या मते लोकांनी प्रश्न विचारायचे तर ते मेमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये विचारायला हवेत.

मधल्या काळात काय? छोट्या ओढ्यावर शेजारून ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे नळ) टाकून वर मुरूम घालून वळणरस्ता काढतात, तो पुढच्या पावसात वाहून जाणार हे धरूनच. मोठ्या नदीवर बेली ब्रिज. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनीअरनं काढलेली ही युक्ती, दहा फूट लांबीच्या लोखंडी चौकटी, सहा जणांनी उचलता येतील एवढ्या, एकमेकींना पिन मारून जोडायच्या आणि अख्खा सांगाडा एका काठावरून रोलरवर ढकलत पलीकडे न्यायचा, नदीत खांब न रोवता. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळून गावं तुटली तेव्हा लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी, म्हणजे इंजिनीअर तुकडीनं, चूरलमला इथं १९० फुटांचा बेली ब्रिज सुमारे ३१ तासांत उभा केला, २४ टन वजन पेलणारा, आणि त्या तुकडीचं नेतृत्व करत होत्या मेजर सीता शेळके, आपल्या पारनेर तालुक्यातल्या. पुण्यात तर या विद्येचं घरच आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्स, दापोडीला लष्कराचं इंजिनीअरिंग कॉलेज, दिघीला डीआरडीओची संस्था जी लष्करासाठी असे झटपट पूल डिझाइन करते. फक्त लक्षात ठेवा, हा पूल पाहुणा असतो. त्यावर वजनाची पाटी असते ती पाळायची, वाळूचा भरलेला डंपर त्यावर घालायचा नाही.

आता आत्याच्या ओढ्याकडे येतो, कारण खरं दुखणं मोठ्या पुलांपेक्षा रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला ठेवलेल्या छोट्या मोऱ्यांत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा अंगावर आला, टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या एकावर एक चढल्या, पुण्यात आणि जिल्ह्यात मिळून वीसपेक्षा जास्त माणसं गेली. मुठेला पूर येतो तो बहुतेक वेळा धरणातून पाणी सोडल्यावर, निदान आधी सायरन वाजतो, फोन येतात. ओढ्याला असं काही नसतं, तो तासाभरात भरतो.

मोरीचं गणित बघा. ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप टाकले तर पाणी जायला मिळून सव्वा चौरस मीटरच्या आसपास जागा. त्याच ठिकाणी ३ बाय २ मीटरची काँक्रीटची बॉक्स टाकली तर ६ चौरस मीटर, जवळपास पाचपट. आणि पाइपाच्या तोंडाशी एक गादी किंवा फांदी अडकली की तो बंद, बॉक्समधून तीच गादी निघून जाते. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर चढतं, पलीकडच्या बाजूला धबधब्यासारखं पडतं, तिथली माती खरवडत खरवडत रस्त्याच्या पोटात शिरतं आणि मग रस्ता पलीकडून अलीकडे कोसळत येतो.

इथं मला मनापासून राग येतो ती गोष्ट सांगतो. आपत्तीनंतर जो सरकारी निधी मिळतो तो मुख्यतः तातडीच्या दुरुस्तीसाठी असतो, आणि दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं. दोन पाइप वाहून गेले? दोन पाइप टाका. पण ते पाइप वाहून गेले तेच मुळी कमी पडले म्हणून! वरच्या बाजूला डोंगरउतारावर बिल्डिंगा झाल्या, माती जाऊन काँक्रीट आलं, जे पाणी आधी मुरायचं ते आता धावत येतं, आणि मोरी मात्र आहे त्याच मापाची. त्याच मापाची मोरी परत बांधणं म्हणजे तोच पूर परत बोलावणं, मग काँक्रीट कितीही चांगलं वापरा.

माप ठरवताना शंभर वर्षांतला पूर धरा असं म्हणतात आणि त्यावरून मोठा गैरसमज होतो, की एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं सुट्टी. तसं नाहीये. त्याचा अर्थ दर वर्षी तो यायची शक्यता १ टक्का, मागच्या वर्षी आला असला तरी. तीस वर्षांच्या होमलोनच्या काळात तो एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे चारात एक. आणि हा आकडा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेला, पाऊस बदलला तर आकडाही बदलायला हवा. आणि क्युसेक, क्युसेक जे बातम्यांत ऐकता, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. २५ जुलै २०२४ ला मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग गेला होता, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर, दर सेकंदाला.

रस्त्यांचं थोडक्यात सांगतो. डांबर हे नुसतं छप्पर, वजन पेलतात ते खालचे खडी-मुरुमाचे थर. ते थर पाण्यानं भिजले की खडी खडीला धरत नाही, आणि खाली काळी माती असेल तर ती फुगते. वरून रस्ता सुकलेला दिसतो पण पोट ओलं असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपण त्यावरून सगळी जड वाहतूक वळवतो कारण पलीकडचा पूल बंद. चाकावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण १६ पट होतं. म्हणून पुरानंतर काही दिवस फक्त हलकी वाहनं सोडतात तेव्हा ते ऐकावं. आणि वरून डांबराचा पातळ थर ओढून दिला तर तो फोडावर पावडर लावण्यासारखा प्रकार, दोन महिन्यांत खड्डा त्याच जागी. खरी दुरुस्ती म्हणजे ओले थर उकरून काढणं, पाणी झिरपून जाईल असा खडीचा थर घालणं आणि बाजूचं गटार मोकळं करणं. गटार हा रस्त्याचाच भाग आहे, पण बिलात ते नेहमी शेवटी येतं आणि पैसे संपले की पहिलं गळतं.

नवा पूल झाला की तो खुला करण्याआधी कधीकधी लोड टेस्ट करतात. भरलेले ट्रक ठरलेल्या जागी उभे करून २४ तास तसेच ठेवतात, स्लॅब किती मिलिमीटर वाकला ते मोजतात, मग ट्रक काढून २४ तासांनी परत मोजतात. साधं आरसीसी, म्हणजे आत सळया घातलेलं काँक्रीट असेल तर वाकलेल्यातलं किमान ७५ टक्के परत यायला हवं, प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतल्या तारा ताणून आधीच दाबून ठेवलेलं असेल तर ८५. पूल थोडा वाकतो हे वाईट नाही, वाकून परत येतो की नाही हे बघायचं असतं. पण ही परीक्षा वरच्या भागाची. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळून चार जण गेले, त्यानंतर सगळीकडे ऑडिटची चर्चा झाली, चांगलंच झालं. फक्त ऑडिट करणारा माणूस पाण्याखालीही उतरला का, हा प्रश्न त्या प्रत्येक कागदावर असायला पाहिजे.

आत्याला मी गेल्या हिवाळ्यात एक काम दिलं होतं. म्हटलं, फेब्रुवारीत ओढा आटलेला असतो, संध्याकाळी फिरायला जाशील तेव्हा पुलाखाली वाकून बघ, खांबाच्या बुडाशी काँक्रीटचा रंग एकदम बदललेला दिसतो का. वरचा भाग काळपट शेवाळलेला आणि खाली फिक्कट, नवा वाटणारा पट्टा असेल तर तो पट्टा आधी जमिनीत होता, म्हणजे तेवढी माती गेलीय. दोन दिवसांनी तिनं फोटो पाठवला, शेजारी माप कळावं म्हणून आपली छत्री उभी धरून. पट्टा छत्रीच्या अर्ध्यापर्यंत होता. मी तिला तो फोटो क्षेत्रीय कार्यालयात द्यायला सांगितला, खाली तारीख, पुलाचं नाव, आणि कात्रजच्या बाजूनं कितवा खांब, हे लिहून.